मोटारीच्या चाकांना घरच्या घरी रंग



निपाणी परिसरात चाकाला रंग देणे ही नवी गोष्ट नव्हे. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर जवळ आला की बैलांच्या शिंगांना रंग लागे आणि हौशी शेतकऱ्याचा कुंचला गाडीच्या चाकांवरूनही फिरे. सुताराने आरे बसवावेत, लोहाराने तापलेली धाव चढवावी आणि धन्याने रंग द्यावा, अशी ती वाटणी होती. आता दारात मोटार आली आहे व तिची चाके पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. खंडेनवमीच्या पूजेपूर्वी ती उजळावीत असे घरधन्याला वाटणे स्वाभाविक आहे. काम घरी होण्यासारखे आहे. मात्र ते शिंगे रंगविण्याइतके निर्धोक नाही.

अ‍ॅल्युमिनियम या भागाला अपरिचित नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट सापडते आणि त्याच खनिजापासून अ‍ॅल्युमिना तयार करणारा कारखाना बेळगावात आहे. हा धातू लोखंडासारखा तांबूस गंजत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो व तोच त्याचे रक्षण करतो. परंतु याच गुळगुळीत थरामुळे साधा रंग त्यावर टिकत नाही. लोखंडी फाटकाला लावतात ते रेड ऑक्साइड येथे उपयोगी नाही. अ‍ॅल्युमिनियमसाठी मिळणारे वेगळे अस्तर, म्हणजे एच प्रायमर, घ्यावे लागते. घरातील उरलेला तैलरंग चाकाला फासण्याचा मोहही आवरावा. तवंदीचा घाट उतरताना ब्रेक तापतात, त्यांची धग चाकाला लागते आणि असा रंग पिवळा पडून सुटू लागतो.

रंगापूर्वी चाकाची परीक्षा करावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचे पाणी आले होते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चाकांत आणि ब्रेकमध्ये चिखल बसतो. अशी गाडी आधी कारागिराला दाखवावी. खड्ड्यात आपटून चाकाला तडा गेला असेल अथवा कड वाकली असेल, तर ते रंगवू नये, बदलावे. ओरखड्यावर लांबी भरता येते, तड्यावर नाही. जुनी मोटार घेणाऱ्यानेही नव्या चकचकीत रंगाकडे थोडे संशयाने पाहावे, कारण त्याखाली काय दडविले आहे हे सहजी दिसत नाही. जुना रंग काढण्यासाठी चाक स्टोव्हवर किंवा जाळावर तापविणे तर सर्वथा वर्ज्य होय. या धातूला त्याची ताकद कारखान्यातील मोजक्या उष्णतोपचाराने आलेली असते. अंदाधुंद आचेने ती जाते आणि वरून काहीच कळत नाही.

चाक काढताना गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, उरलेल्या चाकांना दगडाची उटी लावावी. नट जमिनीवर असतानाच सैल करावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात वा डोके घालू नये. चाकावरची काळी भुकटी ब्रेकची असते. ती फुंकून वा कोरड्या फडक्याने झटकून उडवू नये, पाण्याने भिजवून धुवावी. त्यानंतर साबणाचे पाणी, मग थिनरचा बोळा, आणि ३२० पासून ६०० क्रमांकापर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणे. कंटाळवाणे काम हेच आहे, आणि रंग टिकणे बहुतांशी यावरच अवलंबून असते. टायर व रिम यांच्या फटीत जुने पत्ते सभोवार खोचले की टायरला रंग लागत नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा येते. दसऱ्यापूर्वी चार दिवस उघाड मिळाली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. अंगणात आधी सडा घालावा, म्हणजे धूळ बसेल. डबा वीतभर किंवा थोडा अधिक दूर धरून तीन-चार पातळ हात द्यावेत व दोहोंमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एकच जाड हात दिला की ओघळ आलाच.

रंगातील शिशाविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला व तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मोटारीचे रंग त्या नियमाच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून डब्यावरचा मजकूर वाचून बिनशिशाचा रंग घ्यावा. जुना रंग घासताना मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे. शिशाचा अपाय लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत अधिक होतो. हार्डनर मिसळून मारावयाची दुहेरी चकाकी घरी मारूच नये. तिच्यातील आयसोसायनेटने दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवीत नाही. ते काम सुसज्ज रंगशाळेचे. वापरलेले थिनर गटारात ओतू नये, विडीकाडी जवळ नसावी.

आता नटांची गोष्ट. नट ज्या खळग्यात बसतात तेथे आणि चाकाच्या हबला टेकणाऱ्या पाठीमागच्या भागावर रंगाचा थर राहू देऊ नये. दाबाखाली तो थर चेपतो, आवळलेला नट सैल होतो आणि चालत्या गाडीचे चाक निसटण्याची वेळ येते. एक अहोरात्र वाळल्यावर चाक बसवावे. नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. किती आवळावयाचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. आटे वंगणाने माखू नयेत. पन्नास ते शंभर किलोमीटर धाव झाल्यावर, म्हणजे निपाणीहून कोल्हापूरला जाऊन परत आल्यावर, सर्व नट पुन्हा तपासावेत. आठवडाभर चाके नुसत्या पाण्याने धुवावीत, तोवर रंग पुरता कडक झालेला असतो.