सुपारीच्या गावात आपलं स्वागत



मी डॉक्टर नाही, सुपारीचा बागायतदार आहे. आणि डोके-मानेच्या कर्करोगावरच्या परिषदेत स्वागताला बागायतदारानेच उभं राहावं, असं मला वाटतं. श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीवर श्रीवर्धनातली घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या, तरी आम्ही पुन्हा सुपारीच लावली. हीच सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवलं आहे.

सुपारीत तांबं असतं. लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबं लागतं, आणि हे विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतं. त्यामुळे सुपारी चघळणाऱ्याचा गाल आतून ताठरतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. त्यातल्या काहींना कर्करोग होतो. मग मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज कुळातली एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं पेशींखालचा पडदा विरघळवतात, आणि रोग मानेच्या गाठींकडे निघतो. या कुळातलं पहिलं विकर १९६२ मध्ये बेडूकमाशाच्या शेपटीत सापडलं. बेडूक होताना ती शेपटी जिरते, ती अशा विकरांमुळेच.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने २०१५ मध्ये दाखवून दिलं, की तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असतानाच मानेच्या गाठीही काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. आधीच गाठी काढल्याने जीव वाचतात. पण ज्यांच्या गाठींत रोग नसतो, त्यांचीही मान उघडावी लागते, आणि काहींचा खांदा पुढे दुखत राहतो. कोणाची मान वाचवता येईल, हे तपासणीच्या तुकड्यातली विकरं खात्रीने सांगू शकतील का? या प्रश्नाला इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, ही माझी विनंती.

खारघरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र, दोन्ही रायगडातच आहेत. त्यांनी एकत्र बसावं. संध्याकाळी आपण वाड्यांत याल तेव्हा बागायतदार प्रश्न विचारतील; आमच्या पिकाला जपून बोलू नका, जे खरं आहे ते सांगा. आमच्या पोरांची तोंडं तपासायलाही त्याच वेळी सुरुवात करा.