हृदयाच्या कोडमधली २५ अक्षरं

आपल्या अकोला-अमरावतीकडे कुणी पन्नाशीत अचानक गेलं, की दोनच कारणं निघतात. टेन्शन, नाहीतर तंबाखू. आज तिसऱ्या कारणाबद्दल बोलू. ते आईवडिलांकडून येतं.

हृदयाच्या स्नायूत एक प्रोटीन असतं. आकुंचनाला शिस्त लावणं हे त्याचं काम. ते बनवणाऱ्या जीनचं नाव एमवायबीपीसी३. हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दाखवलं, की भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांच्या या जीनमधली २५ अक्षरं गायब आहेत. म्हणजे शंभर जणांच्या पंगतीत चार जण! त्यांच्या अभ्यासात अशा लोकांना हार्ट फेल्युअरचा धोका जवळपास सातपट दिसला.

मी कोड लिहितो, म्हणून मला हे भारी वाटलं. ही अक्षरं प्रोटीनच्या मूळ मजकुरातली नाहीतच, दोन तुकड्यांच्या मधली आहेत. पण ती नसली की जोडणी करताना पेशी अख्खा एक तुकडा गाळते. तरी प्रोग्राम लगेच क्रॅश होत नाही. त्रास बहुतेक वेळा पंचेचाळिशीनंतर दिसतो. तोवर लेकरं झालेली असतात, आणि प्रत्येक लेकराकडे हा बदल जायची शक्यता निम्मी. म्हणून तो हजारो वर्षं टिकला.

हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. नंतरच्या संशोधनानं सोबतच्या दुसऱ्या एका बदलाकडेही बोट दाखवलं आहे.

आमच्या घरी आजोबा आणि काका, दोघांचंही हृदय मोठं झालं होतं. दोघंही साठीच्या आत गेले. काकांचा मुलगा सध्या पोलीस भरतीसाठी रोज पहाटे ग्राउंडवर पळतो. मी म्हटलं, "पहिले इको काढ, मंग पय." तो म्हणे, "दादा, मले काय धाड भरली?" मुद्दा हाच आहे. धाड भरलेली दिसत नाही, तेव्हाच तपासायचं. त्याचा इको नॉर्मल आला. डॉक्टरांनी काही वर्षांनी परत काढायला सांगितलंय.

तर या रविवारी घरी विचारा: आपल्यात कोण कोण हृदयानं गेलं, कितव्या वर्षी? पळताना चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर ईसीजी आणि इको काढून घ्या. जीन बदलता येत नाही. बीपी, मीठ आणि तंबाखू मात्र आपल्या हातात आहेत.

भेटू पुढच्या भागात.