विद्यार्थ्याचें पहिलें बिऱ्हाड

बारावीचा निकाल लागला कीं पुण्याच्या पेठांतून आणि कोथरूड-कर्वेनगरांतून सामानाचे टेंपो फिरूं लागतात. वसतिगृहांत जागा न मिळालेले परगांवचे विद्यार्थी दोघे-तिघे मिळून बिऱ्हाड थाटतात. आईबाप येतात, गाद्या घेऊन देतात, डबे भरून ठेवतात, दाराला भक्कम कुलूप लावतात आणि निश्चिंत मनानें परतीच्या एस. टी.त बसतात. कुलूप हवेंच, आणि तें नवें हवें. कारण जुन्याची किल्ली आधींच्या भाडेकऱ्यापाशीं राहिलेली असूं शकते. करारही नोंदविलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वयें ती जबाबदारी घरमालकाची आहे. परंतु जें संकट घराच्या आंतच असतें, त्याला कुलूप काय अडविणार?

अशा संकटांत पहिला मान न्हाणीघरांतील गॅसच्या गिझरचा. गॅस जळण्यास प्राणवायु लागतो. खोली लहान, थंडीमुळें झरोका बंद, दाराला आंतून कडी. अशा कोंदट जागीं प्राणवायु अपुरा पडला कीं ज्वलन अर्धवट होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वासही नाहीं. गॅस गळल्यास कळावें म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें; पण गॅस जळला कीं तें द्रव्यही जळून जातें, आणि मागें उरणारें विष कसलीच सूचना देत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें. डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते. आणि काय होत आहे हें उमजेपर्यंत पुष्कळदां कडी काढण्याचेंही त्राण उरत नाहीं. तिघे एकामागून एक स्नानास जात असतील, तर तिसऱ्यास धोका अधिक; आधींच्या दोघांच्या वेळचा वायु खोलींत सांठलेला असतो.

यावर खरा उपाय एकच. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसवावा आणि त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर सोडावा. तसें होईपर्यंत दार व झरोका उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच स्नानास जावें. आंत गेलेला सोबती हांकेला ओ देत नसेल, तर संकोच न करतां दार तोडावें, त्याला मोकळ्या हवेंत आणावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वयंपाकघरांतील गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें तो जमिनीलगत पसरतो. रबरी नळीवरील तारीख पाहून ती दर ५ वर्षांनीं बदलावी. गळतीची शंका आल्यास साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का तें पाहावें, काडी कदापि ओढूं नये. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्या, विजेचें कोणतेंही बटण लावूं नये आणि मालवूंही नये. बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावें.

पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीचा प्लग काढल्याखेरीज पाण्यांत बोट घालूं नये. विजेच्या पेटींत गळती ओळखून प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आहे कीं नाहीं, हें राहावयास जाण्यापूर्वींच पाहावें. त्यावरील चांचणीचें बटण दाबतांच वीज गेली पाहिजे. गॅलरीच्या जाळीला उघडणारी खिडकी असावी व तिची किल्ली जवळच खिळ्याला टांगलेली असावी. नाहीं तर चोराला अडविणारी जाळी आगीच्या वेळीं आंतल्यांनाच अडविते.

विद्यार्थी घरमालकास कांहीं विचारावयास कचरतात. अनामत रक्कम त्याच्या हातीं असते, आणि जागा जाईल अशी भीति वाटते. म्हणून हे प्रश्न वडील माणसांनींच करारापूर्वीं विचारावे. भाडें किती, हें तर सर्वच विचारतात. त्याआधीं गिझर कोठें आहे आणि त्याचा धूर कोठें जातो, हें विचारावें. ज्या घरमालकास या प्रश्नाचा राग येतो, त्याची जागा स्वस्त असली तरी घेऊं नये.