आयकर : आधी हिशेब, मग गुंतवणूक



मार्च महिना उजाडला की शाळांतील शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांतून एकच विषय ऐकू येतो : यंदा कर किती कापला जाणार? विमा प्रतिनिधीची फेरी होते आणि ‘कर वाचेल’ एवढ्या आश्वासनावर वीस वर्षे हप्ते भरावयास लावणाऱ्या विमापत्रावर सही केली जाते. त्या विम्याने कर खरोखर वाचणार आहे काय, हे पाहण्यास सवड नसते.

आयकर अधिनियम, १९६१ ने नोकरदारांना करसवलतीच्या आधारे बचतीची सवय लावली. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा, राष्ट्रीय बचतपत्रे यांतील रकमेवर जुन्या करपद्धतीत कलम ८० सी अन्वये दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र वित्तीय वर्ष २०२०-२१ पासून एक नवी करपद्धती सुरू झाली. तिच्यात दर कमी आहेत. परंतु कलम ८० सी, घरभाडे भत्ता आणि वैद्यकीय विमा यांच्या सवलती नाहीत. २०२३-२४ पासून, करदात्याने वेगळी निवड केली नाही तर हीच पद्धत लागू होते.

वित्तीय वर्ष २०२५-२६ मधील एका शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. वार्षिक वेतन ११ लाख रुपये. अन्य उत्पन्न नाही. जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, २,५०० रुपये व्यवसायकर आणि बचतीचे दीड लाख रुपये वजा जाता ८,९७,५०० रुपये करपात्र राहतात. त्यावर उपकरासह ९५,६८० रुपये कर होतो. नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता १०,२५,००० रुपये उरतात आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील सूटीमुळे कर शून्य होतो. या शिक्षकाने केवळ करासाठी मार्चमध्ये घेतलेल्या विमापत्राने एक रुपयाही वाचत नाही. हप्ते मात्र मागे लागतात.

याचा अर्थ बचत व्यर्थ आहे, असा नाही. म्हातारपणाची तरतूद, मुलांचे शिक्षण आणि कर्त्या माणसाचा विमा या संसाराच्या गरजा आहेत. त्या गरज म्हणूनच भागवाव्यात. शिवाय उत्पन्न बरेच अधिक असून गृहकर्जाचे व्याज, घरभाडे आणि विमा यांच्या वजावटींची बेरीज मोठी असल्यास जुनी पद्धत हितावह ठरू शकते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदारास ही निवड दरवर्षी करता येते. मात्र जुनी पद्धत हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच दाखल करावे लागते.

विवरणपत्र भरण्यापूर्वी नमुना क्रमांक १६, करकपातीचे विवरण आणि आयकर विभागाचे वार्षिक माहिती विवरण ताडून पाहावे. बँकेतील मुदत ठेवींचे व्याज अनेकदा विसरले जाते. परंतु त्याची नोंद विभागाकडे आधीच पोचलेली असते. विवरणपत्र दाखल केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी पूर्ण करावी. ती राहिल्यास विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही.

मोठा परतावा मिळवून देतो, असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून विशेष सावध राहावे. खोट्या भाडेपावत्या वा न दिलेल्या देणग्या दाखवून मागितलेली सवलत उघडकीस आली, तर कर व व्याजाखेरीज, चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. नमुना कोणीही भरलेला असो, जबाबदारी करदात्याचीच राहते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अंमलात आला आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब मात्र १९६१ च्याच अधिनियमाप्रमाणे होतो. अधिनियम बदलला, कलमांचे क्रमांक बदलले, तरी करदात्याचे काम तेच आहे. वर्षाच्या आरंभीच एका कागदावर दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडावा आणि पावत्या एका ठिकाणी जपाव्यात. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हा हिशेब शेजाऱ्यालाही समजावून दिला, तर मार्चमधील अनेक घाईच्या सह्या टळतील.