जुनी मोटार आणि नवा गारवा



वैशाखातल्या दुपारी हर्सूलवरून अजिंठ्याच्या रस्त्याने जो मोटारीतून गेला असेल, त्याला पत्र्याची मोटार कशी तापते हे सांगावयास नको. त्यातून ती जुन्या धाटणीची, दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार असली तर विचारूच नका. इंजिन पायांशी, सायलेन्सरची नळी बैठकीखाली आणि डोक्यावर कापडी टप! अशी मोटार दुरुस्तीला काढली, की मालकाच्या मनात येते, 'सगळी खोललीच आहे, तर एअर कंडिशनिंगही बसवून टाकू.' हे करावे का, आणि कसे करावे, याचा आज विचार करू.

प्रथम गारवा येतो कोठून ते पाहू. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जाते. गुरुजींनी मुलांच्या हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला तरी हे कळते. मोटारीत पाण्याऐवजी एक विशिष्ट गॅस असतो. कॉम्प्रेसर तो दाबतो, तेव्हा तो तापतो. हवा भरताना सायकलचा पंप तापतो तसा. पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून त्याचा द्रव होतो. मग बारीक छिद्रातून सुटून तो आतल्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायुरूप होतो आणि आतली उष्णता शोषून घेतो.

हे काम फुकट होत नाही. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांत ही सोय दिली, तेव्हा यंत्राने डिकीची निम्मी जागा अडवली. आणि ते बंद करावयाचे तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे. कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स मोटार १९५३ साली निघाली, पण कारखान्यातून ही सोय तिला १९६३ पासून मिळू लागली.

समजा, आपल्यापुढे १९६५ सालची इंग्रजी एम.जी.बी. आहे. बैलगाडीत दोन पोती वाढवायची तर आपण आधी आख आणि बैल पाहतो. तसेच येथे करावे. कॉम्प्रेसर इंजिनाची काही शक्ती खाणार. कंडेन्सर रेडिएटरपुढे बसतो, म्हणून रेडिएटरला गरम हवाच मिळणार. या मोटारीत डायनमो आहे. इंजिन सावकाश फिरत असता तो फारशी वीज देत नाही, आणि पंख्यांना तर तेव्हाच वीज हवी असते. शिवाय तिच्या बॅटरीचा धन टोक सांगाड्याला जोडलेला असतो. हे न पाहता आजचे उपकरण जोडले, तर ते जळून जाईल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी इंजिनामागची भिंत आणि तळ यांना उष्णतारोधक अस्तर लावा, टपाच्या फटी बुजवा. निम्मे काम तेथेच होते. मग रेडिएटर साफ करून पंखा वाढवा, डायनमोऐवजी अल्टरनेटर घ्या, आणि शेवटी कॉम्प्रेसर बसवा.

गॅसचाही प्रश्न आहे. जुना आर-१२ गॅस ओझोनच्या थराला घातक ठरला, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जोरदार आहे. तो उघड्यावर सोडू नये. त्याला तेल आणि रबरी नळ्याही वेगळ्या लागतात. जुन्या चालत नाहीत.

आता कायद्याचे पाहू. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी सुरू केली. मोटार मूळ स्वरूपात राखलेली हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. अशी मोटार रोजच्या वापराला चालत नाही. ती प्रदर्शनात, रॅलीत काढता येते. तेव्हा मालकाने आधीच ठरवावे: मोटार जपायची आहे, की रोज फिरवायची आहे?

गारवा हवाच असेल, तर पत्रा कापू नका. कारखान्याने ठेवलेल्या छिद्रांतच बोल्टाने पट्ट्या आवळा, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. पुढच्या मालकाला हे यंत्र उतरवून मोटार पूर्वीसारखी करता आली पाहिजे. आपण जुन्या वाड्यात वीज घेतो, पण नक्षीच्या तुळईला भोक पाडीत नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच विवेक राखावा.