नाशिकच्या मुलांचे वर्तमानपत्र : आखणी आणि मांडणी

मराठीत मुलांसाठी नियतकालिके काढण्याची परंपरा दीडशे वर्षांची आहे. अमेरिकन मराठी मिशनचा ‘बालबोधमेवा’ १८७२ मध्ये निघाला, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ने १९७१ पासून मराठी मुलांच्या कैक पिढ्या वाचत्या केल्या. या मासिकांनी गोष्टी दिल्या, कविता दिल्या, कोडी घातली, विज्ञानाची गोडी लावली. बातमी मात्र क्वचितच दिली. दैनिकांच्या बालपुरवण्यांतही चित्र रंगवा, फरक ओळखा आणि थोरांच्या चरित्रातले प्रसंग हाच मुख्य ऐवज राहिला. मूल ज्या गावात राहते त्या गावात या आठवड्यात काय घडले, का घडले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगणारे स्थानिक पत्र ही मराठी पत्रकारितेतली रिकामी जागा आहे.

ही जागा भरून काढण्याची ऐपत नाशिककडे आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. दादासाहेब पोतनीसांनी उभ्या केलेल्या ‘गावकरी’चे हे शहर, त्याच संस्थेच्या ‘अमृत’ मासिकाने विविध विषयांचे वाचन घरोघरी नेले. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांमुळे तर छपाई हा येथील हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा धंदा झाला.

वाचकही तयार आहे. शाळांच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष यांच्याबरोबर बातम्या वाचल्या जातात. परंतु मूल जे वाचते ते मोठ्यांच्या दैनिकातले मथळे असतात. ‘विसर्ग’, ‘स्थगिती’, ‘अविश्वास ठराव’ हे शब्द खणखणीत आवाजात उच्चारले जातात. ऐकणाऱ्यालाही अर्थ कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. मुलांच्या वर्तमानपत्राची आखणी या परिपाठापासूनच सुरू व्हायला हवी. पाचवी ते नववी, म्हणजे साधारण १० ते १५ वर्षे, हा त्याचा वाचकवर्ग. त्याहून लहान मुलांसाठी वेगळे पत्र लागेल. एकाच अंकात पहिली ते दहावी कोंबली की तो कोणाचाच राहत नाही.

मुलांसाठी असे पत्र चालवण्याचे जवळचे उदाहरण खानदेशातले आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली हे सर्वांना ठाऊक असते. मुलांशी रोज लेखी बोलण्याचा सराव तिच्या आधी अमळनेरला झाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच सुमारास पोलंडमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने १९२६ मध्ये ‘माली प्शेग्लॉन्द’ ही मुलांची साप्ताहिक पुरवणी एका मोठ्या दैनिकासोबत सुरू केली. तिचा मजकूर मुलांनीच लिहिलेला असे, आणि ती १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होईपर्यंत चालली. दिल्लीत २००३ पासून रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुले ‘बालकनामा’ काढतात. या तिन्ही प्रयत्नांत मुलांना उपदेश ऐकणारे श्रोते मानलेले नाही. मुलांचे वर्तमानपत्र हे आधी वर्तमानपत्र असले पाहिजे, ही कसोटी तेथूनच मिळते.

बातमी सोपी करणे म्हणजे ती पातळ करणे नव्हे. पावसाळ्यात नाशिकच्या दैनिकांत गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे येतात आणि गाव मात्र पूर मोजतो तो गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीवरून : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले. मुलांच्या पत्राने ही दोन मापे शेजारी शेजारी ठेवावीत. पानाच्या डाव्या बाजूला मारुतीची उभी मूर्ती, तिच्या अंगावर पाण्याच्या रेघा आणि प्रत्येक रेघेसमोर त्या वेळी होळकर पुलाखाली नोंदलेला विसर्ग. खाली खुलासा : १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणून १,००० क्युसेक म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला. त्याशेजारी सराफ बाजारातल्या दुकानदाराला विचारलेले दोन प्रश्न : माल कधी हलवता, आणि कोणाच्या सांगण्यावरून? एवढ्या एका पानात भूगोल येतो, गणित येते, आणि धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय कोणीतरी घेत असते हेही मुलांच्या ध्यानात येते.

वादाचे विषयही टाळू नयेत. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत तपोवनातील झाडांचा प्रश्न पेटला, तो मुलांनी घरी ऐकलाच. साधूंच्या मुक्कामासाठीच्या साधुग्रामाला जागा का लागते आणि झाडे वाचवू पाहणारे काय म्हणतात, या दोन्ही बाजू सारख्या शब्दसंख्येत छापाव्यात आणि निवाडा वाचकावर सोपवावा. पत्राला मत असू नये असे नाही, पण ते मत अग्रलेखाच्या जागी असावे, बातमीत मिसळू नये.

बातमीदार मुलेच हवीत. प्रत्येक शाळेतून दोघे, एक मुलगा व एक मुलगी, आणि त्यांच्या पाठीशी एक शिक्षक, अशी रचना पुरते. त्यांना पहिली शिकवण तपासण्याची द्यावी : नाव विचारून लिहायचे, आकडा दोघांकडून पडताळायचा, पाहिले ते आणि ऐकले ते वेगळे ठेवायचे. संपादकाने शुद्धलेखन सुधारावे, वाक्य बदलू नये. मोठ्यांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेला मुलांचा मजकूर मुले लगेच ओळखतात आणि तो वाचत नाहीत.

जिल्हा म्हणजे पंचवटी, सिडको आणि कॉलेज रोड एवढाच नव्हे. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे आदिवासी पाडे आहेत, बागलाणची अहिराणी आहे, मालेगावचे यंत्रमाग आणि तेथील उर्दू शाळा आहेत. द्राक्षांच्या छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात, तेव्हा त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय होते, ही मुलांच्या पत्राची पहिल्या पानाची बातमी आहे. हरसूल भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. आज तिथल्या मुली कुठे आणि कशा धावतात, हे क्रीडापानाने शोधावे. दर अंकात एक स्तंभ अहिराणीत, कोकणीत किंवा मूल घरी जी बोली बोलते तिच्यात असावा आणि त्यावर प्रमाण मराठीची कात्री चालवू नये.

मांडणीत पहिला निर्णय आकाराचा. दैनिकाच्या चार पानी तावाची घडी घातली की टॅब्लॉइडची आठ पाने होतात. साप्ताहिकाला तेवढी पुरेत. मधली जोडपाने एकाच तावावर सलग येतात, म्हणून तिथे दर आठवड्याला एक मोठे चित्र किंवा नकाशा द्यावा : नांदूरमध्यमेश्वरला येणारे पक्षी, लासलगावच्या बाजार समितीतून कांद्याचा प्रवास, पांडवलेण्यातील शिलालेखाचे वाचन. अंक जुना झाला तरी हे पान वर्गाच्या भिंतीवर राहते.

अक्षराचा विचार त्याहून नाजूक आहे. वृत्तपत्री कागदावर शाई पसरते आणि ध, क्ष, श यांची पोकळी भरून जाते, म्हणून मोकळ्या वळणाचा टंक घ्यावा. मजकूर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नये आणि ओळींत एवढे अंतर ठेवावे की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडणार नाही. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात. ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द अरुंद कॉलमात आला आणि दोन्ही कडा जुळवायचा हट्ट धरला, की शब्दांमध्ये खिंडारे पडतात. नवशिक्या वाचकाची नजर तिथे अडखळते. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडावी. रंगीत पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरे छापू नयेत. रंग किंचित सरकला की ती फुटतात. सजावटीचा सोस हा मुलांच्या प्रकाशनांचा जुना आजार आहे. चेंडू, फुगे आणि हसरे सूर्य काढून टाकले तर बातमीला जागा होते.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण काटेकोर. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ आणि पॉक्सो कायद्याचे कलम २३ गुन्ह्यातील पीडित, साक्षीदार किंवा आरोपी असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यावर बंदी घालतात. नाव गाळून शाळा छापली तरी ओळख उघड होतेच. छायाचित्रासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. नोंदणी आता १८६७ च्या जुन्या कायद्याऐवजी २०२३ च्या प्रेस व नियतकालिक नोंदणी कायद्याखाली होते.

अंक शनिवारी सकाळच्या शाळेत पोचावा. शहरात विक्रेते आहेत, सुरगाण्याला एसटीने गठ्ठे जातील. घरटी वर्गणीवर विसंबू नये, कारण मग पत्र ऐपतदार घरांपुरते उरेल. वर्गाला पाच प्रती हे एकक धरावे. जाहिराती घ्याव्यात, पण त्यावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे आणि शिकवणी वर्गांच्या गुणवंतांचे फोटो बातमी म्हणून छापू नयेत. या एका बाबतीत तडजोड झाली तर पत्र वर्षभरात जाहिरातपत्रक होईल.

हा आराखडा ज्या परिषदेपुढे मांडला आहे तिच्यात ज्यांच्याकडे छपाईयंत्र आहे असे संपादक-मालक आहेत, शाळा चालवणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी आहेत आणि निवृत्त उपसंपादकही आहेत. मालकांनी आठवड्याला एका तावाचा कागद द्यावा, संस्थांनी दोन-दोन बातमीदार द्यावेत, उपसंपादकांनी शुक्रवारची दुपार द्यावी. पहिला अंक येत्या जूनमध्ये, शाळा उघडतील त्या आठवड्यात, परिपाठाच्या आधी वर्गात पोचवावा.