लिंक पाठव ना

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर माझ्यासारखे भांडी घासता घासता ऐकत असाल. मागचे दोन आठवडे एपिसोड आला नाही म्हणून बऱ्याच जणांचे मेसेज आले. सॉरी. मी झिरोला गेले होते. शून्यवालं झिरो नाही हो, अरुणाचल प्रदेशातलं झिरो!

तिथे दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी चार दिवसांचा म्युझिक फेस्टिव्हल असतो. झिरो फेस्टिव्हल ऑफ म्युझिक. २०१२ मध्ये तिथलाच बॉबी हानो आणि दिल्लीच्या 'मेनव्होपॉज' बँडचा गिटारिस्ट अनुप कुट्टी या दोघांनी तो सुरू केला. सिनेमातली गाणी नाहीत, मोठे स्टार नाहीत. स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे लोक, म्हणजे आपण ज्याला इंडी म्हणतो ते.

आता तुम्ही म्हणाल, इंडी ऐकायला एवढ्या लांब कशाला? पुण्यात काय कमी आहे? बरोबर आहे. आजचा विषय तोच आहे. पण आधी तिथे कसं पोचायचं ते सांगते.

पुण्याहून विमानाने गुवाहाटी. तिथून रात्रीची ट्रेन, सकाळी नाहरलागून. मग शेअर सुमो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण घाटरस्ता आणि पाऊस, त्यामुळे अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. अरुणाचलात जायला आपल्याला इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं, पण प्रिंट जवळ ठेवा. आणि रोख पैसे ठेवा. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

शेवटच्या वळणानंतर खोरं समोर येतं. पाइनचे डोंगर आणि मधे सपाट, पिवळी पडत चाललेली भातशेती. ही आपातानी लोकांची शेती. भाताच्या खाचरातच ते मासे वाढवतात आणि बांधावर नाचणी लावतात. ना बैल, ना ट्रॅक्टर, सगळं हाताने. माझी आजी कोकणातली, त्यामुळे बांधावरची नाचणी बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फेस्टिव्हलचं स्टेजसुद्धा तिथलेच लोक बांबूचं बांधतात. दोन स्टेज असतात: दिवसाचं दान्यी आणि रात्रीचं पिलो. म्हणजे सूर्य आणि चंद्र.

बरं, आता मुद्द्यावर येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिवसाच्या स्टेजवर एक मुलगा गिटार घेऊन गात होता. भाषा मला अजिबात कळत नव्हती. दुसऱ्याच गाण्याला पाऊस वाढला आणि पब्लिक पटापट तंबूंकडे पळालं. मीही निघणार होते, पण गमबूट चिखलात रुतला. खरंच. तो काढेपर्यंत मागे वळून पाहिलं, तर आम्ही चाळीसेक लोक उरलो होतो.

तो थांबला, आमच्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "पास आ जाओ।" आम्ही पुढे सरकलो, स्टेजला अगदी खेटून. त्याची बोटं तारेवरून घसरताना होणारा आवाज ऐकू येत होता. एक सूर चुकला तर तो स्वतःच हसला, आम्हीही हसलो. चार मिनिटांचं गाणं असेल. मी गाणी ऐकते ती कोड लिहिताना, मागे काहीतरी वाजत राहावं म्हणून. एकच गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दुसरं काहीही न करता शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना.

संध्याकाळी चहाच्या स्टॉलवर तोच माझ्या पुढे उभा. मी म्हटलं, पावसामुळे लोक गेले, वाईट वाटलं असेल ना? तर म्हणतो, "दीदी, शहर में तो इससे भी कम आते हैं।"

तो सहज बोलून गेला. मला मात्र चहा गोड लागेना.

कारण कॉलेजचा माझा एक मित्र आहे. बीटेकला आम्ही एकाच बेंचवर होतो. तो मराठीत गाणी लिहितो, गातो. नोकरी सांभाळून महिन्यातून एखादा कार्यक्रम करतो. दर वेळी मला मेसेज करतो, "शनिवारी गिग आहे, येतेस का?" आणि माझं उत्तर ठरलेलं: "अरे रिलीज आहे रे. लिंक पाठव ना, नक्की ऐकते."

त्या रात्री तंबूत मी आमचं चॅट वर वर सरकवत गेले. तीन वर्षांत अकरा वेळा बोलावलंय त्याने. मी एकदाही गेले नव्हते. सगळ्यात खाली ऑगस्टमधला मेसेज होता: "गिटार विकायला काढतोय, कोणी असेल तर सांग." मी त्यावर अंगठा दाखवला होता. अंगठा! का विकतोयस, एवढंही विचारलं नव्हतं.

आपण इंजिनीअर लोक म्हणतो, एकदा अपलोड केलं की झालं, जगात कुणीही ऐकू शकतं. खरं आहे ते. पण एका स्ट्रीमचे त्याच्या हातात काही पैसेच येतात. आणि लिंक उघडून मी ऐकत बसलेय की दहा सेकंदांत पुढे गेलेय, हे त्याला कधीच दिसत नाही. त्या चिखलात उभे असलेले चाळीस लोक मात्र गाणाऱ्याला दिसत होते.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी त्याच्या गिगला गेले. एक छोटं कॅफे, तिकीट तीनशे रुपये. तो म्हणाला, "तुला कसलं तिकीट? पास देतो." मी तिकीट काढलं. मोजले, आम्ही एकोणीस जण होतो. त्यातले दोघं कॉफी प्यायला आलेले. एक गाणं त्याने आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर लिहिलेलं होतं. मला ते पाठ असायला हवं होतं, पण मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

नंतर वडापाव खाताना मी विचारलं, "बंद करतोयस का?" तो म्हणाला, "डिसेंबरपर्यंत करतो, मग बघू." बस, एवढंच. एक गिटार विकली गेली, एक अजून आहे.

तर मंडळी, झिरोला जमलं तर जरूर जा. रेनकोट, गमबूट, टॉर्च घ्या आणि बांधावरून चालताना कुणाचं भात तुडवू नका. नाही जमलं, तर तुमच्या ओळखीत कुणीतरी असेलच, जो किंवा जी दर महिन्याला तुम्हाला बोलावत असेल. या शनिवारी जा. तिकीट काढून जा.

माझ्या मित्राची पुढची गिग नोव्हेंबरमध्ये आहे. मी रिलीज मॅनेजरला आत्ताच सांगून ठेवलंय.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.